सुरीचं टोक

शनिवारी सकाळी पोह्यांसाठी कांदा चिरायला दीक्षानं वरच्या फळीवरून आपली सुरी काढली, तर सुरीला टोक नव्हतं. आधी तिला वाटलं काहीतरी चिकटलंय, कागदाचा कपटा वगैरे, म्हणून तिनं ती नळाखाली धरून अंगठ्यानं पुसली, आणि अंगठ्याला ते तुटलेलं लागलं. करंगळीच्या नखाएवढा तुकडा गेला होता आणि जिथून गेला तिथं करड्या साखरेसारखी दाणेदार कड राहिली होती. नळ तसाच चालू राहिला. टँकर अजून आलेला नाही, वाघोलीत शनिवारी तो दुपारपर्यंत येतो किंवा येतही नाही, हे लक्षात येऊन तिनं नळ बंद केला, आणि हात पुसता पुसता तिला जाणवलं की आपल्याला रडू येईल की काय असं वाटतंय. एका सुरीसाठी. बाहेर जेवणाच्या टेबलाशी बाबा पेपर वाचत बसले होते. तिनं सुरी फडक्यात गुंडाळली, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "बाबा, माझी सुरी तुम्ही घेतली होती का?"

"कोणती सुरी?"

"माझी. जपानची."

"नाही," बाबा म्हणाले. पेपर खाली आला नाही. "तुझी सुरी मी काहून घेईन?"

बाबांचं हे 'नाही' तिला लहानपणापासून ओळखीचं होतं. रामदास गजभिये, निरीक्षक, वजनमापे. दुकानदार दारात यायचे, चपला काढून उभे राहायचे, साहेब जरा बघा ना म्हणायचे, आणि आतून हे असंच, आवाज न चढवता, एका शब्दाचं उत्तर यायचं. मग काही महिन्यांनी बदलीचा कागद यायचा. चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळ, पुन्हा चंद्रपूर. आई भांडी गोणपाटात बांधता बांधता म्हणायची, तुझ्या बापाच्या एका शब्दापायी माझ्या बरण्या फुटल्या सगळ्या. म्हणायची, पण त्यात तक्रारीपेक्षा मिरवणंच जास्त असायचं, आणि दीक्षाही नव्या शाळेत नवा बाक शोधताना तेच मिरवणं छातीशी धरून बसायची. माझे बाबा खोटं बोलत नाहीत. आणि आज, सुरी घरात असलेल्या माणसांपैकीच कुणीतरी मोडलेली असताना, नवरा, आनंद, सोमवारपासून बंगलोरला असताना, भांड्यांना येणारी सरुबाई त्या सुरीला नागिणीची जीभ म्हणून हातही लावत नसताना, बाबा पेपराआडून नाही म्हणत होते. सुरीचा राग तिला आला होताच. आता त्याच्यावर हा दुसरा राग येऊन बसला, आणि तो पहिल्यापेक्षा जड होता. तिनं लाल मुठीच्या बाजारी चाकूनं कांदा कसाबसा फाडला, पोहे केले, दोघांनी ते न बोलता खाल्ले. शेवटी बशी सरकवत बाबा म्हणाले, "कांदा जाड झाला आज."

तिनं गॅलरीत पाट मांडला आणि दगड काढले. तीन दगड, विटेसारखे पण विटेहून बारीक पोताचे: एक खरखरीत, एक मधला, एक इतका गुळगुळीत की ओला झाल्यावर हातातून साबणासारखा निसटतो. टबात बुडवले की त्यांच्यातून बुडबुडे येत राहतात. ते थांबेपर्यंत वाट पाहायची, हा नियम. दगड आणि सुरी, दोन्ही ओसाकाहून आणलेली. कंपनीनं तिला तिकडे पाठवलं होतं तेव्हा, निघायच्या आदल्या दिवशी, दुकानदारानं मुठीजवळ छिन्नीनं तिचं नाव त्यांच्या लिपीत कोरून दिलं होतं. पुण्यात टिळक रोडला संध्याकाळच्या वर्गात जपानी शिकायला तिनं नाव घातलं तेव्हा आईनं विचारलं होतं, त्याचा उपयोग काय? मग उपयोग दिसायला लागला. पुण्याची मुलं एका बाजूला, ओसाकाची माणसं दुसऱ्या बाजूला, आणि मधे ती. ती नुसती भाषांतर करायची नाही, दोन्हीकडच्यांना सांभाळायची. तिकडून कुणी मान हलवत 'हाय', म्हणजे जपानीत हो, म्हणालं की इकडची पोरं खूश व्हायची, झालं मॅम, अप्रूव्ह झालं, आणि तिला सांगावं लागायचं की अरे ते हो म्हणाले नाहीत, ऐकतोय एवढंच म्हणाले. ती सगळी वर्षं ती माणसांचे चेहरे वाचत होती. मग मागच्या दिवाळीआधी ते काम व्हिएतनामला गेलं. शेवटच्या कॉलवर सगळ्यांनी सगळ्यांचे आभार मानले, तिनं ते दोन्ही भाषांत मानले, आणि आता ती खराडीच्या ऑफिसात एका विमा कंपनीच्या प्रोजेक्टवर टेस्टिंगचे रिपोर्ट तपासत होती, जिथे तिच्या जपानीचा कुणाला पत्ताही नव्हता. ते जपानी आता दगडांच्या खोक्यावरच्या सूचना वाचायला तेवढं उरलं होतं.

बुडबुडे थांबले. तिनं खरखरीत दगड पाटावर ओल्या फडक्यावर ठेवला. मोडलेलं टोक परत आणायचं तर घासायची ती धार नाही, पाठ घासायची. पाठ वरून उतरवत उतरवत धारेपर्यंत आणायची, की जिथं ती धारेला मिळते तिथं नवं टोक होतं. म्हणजे सुरी आखूड होणार. जे गेलं ते गेलंच, उरलेल्यातूनच काढायचं. तिनं सुरी उलटी धरली आणि घासायला सुरुवात केली. दगडावर करडा राडा जमायला लागला, बोटांच्या पेरांत शिरला. कान किटवणारा आवाज. समोरच्या खाणीतला क्रशर चालू होता, त्याची धूळ गॅलरीच्या कठड्यावर रोज बसते तशी बसत होती, आणि तिला वाटलं की सगळ्या वाघोलीत आज दगडच घासताहेत. खरं तर या सुरीशी तिचं कधी नीट जमलंच नव्हतं. दुकानातून आणली तेव्हाची धार, ती टोमॅटोवर नुसती ठेवली की आपल्याच वजनानं आत उतरायची ती, एकदा गेली ती गेली. त्यानंतर कितीतरी शनिवार-रविवार तिनं या पाटावर घालवले, व्हिडिओ पाहिले, सुरीच्या पाठीखाली नाणी ठेवून कोन मोजला. एका बाजूनं धार यायची, दुसऱ्या बाजूला वळेपर्यंत मनगट कुठेतरी ढळायचं आणि कड गोल व्हायची. बोटाला लागायचं की जमलं, आणि टोमॅटो सांगायचा की नाही. आनंद म्हणायचा, अगं, खाली धार लावणारा पोरगा येतो ना सायकलचं चाक घेऊन, त्याच्याकडे दे. त्याला ती सांगू शकायची नाही की या एकाच गोष्टीत अजून आपल्याला सुधारायला जागा आहे असं वाटतं. बाकी सगळीकडे आपल्याला पूर्ण तपासून बाजूला ठेवलंय.

"काय करून राहिली?" बाबा गॅलरीच्या दारात आले होते.

"टोक काढतेय."

"कशाचं?"

"सुरीचं. मोडलं ना."

"अरे. कोणी मोडलं?"

तिचा हात थांबला. बाबा वाकून बघत होते, चष्मा नाकावर सरकवून, कपाळाला आठी घालून. लहानपणी तराजूच्या दांडीखाली चिकटवलेलं मेण शोधताना ते असंच बघायचे. एवढा अभिनय? ज्या माणसाला लग्नकार्यात जेवण आवडलं नाही तर बरं होतं एवढंही म्हणता येत नव्हतं, त्याला म्हातारपणी हे कुठून सुचलं? "ते तुम्हालाच ठाऊक," ती म्हणाली. तिला स्वतःच्या आवाजातला तो कोरडा, खास पुणेरी तिखटपणा ऐकू आला. इतक्या वर्षांत तो तिनं कधी उचलला कुणास ठाऊक.

"मला?" बाबा म्हणाले. "मी तर आत्ता पाहून राहिलो."  मग आत निघून गेले, आणि टीव्ही लावल्याचा आवाज आला.

सरुबाई आली ती जिन्यापासून बोलतच. लिफ्ट बंद होती. खालच्या टाकीत पाणी नव्हतं. गॅलरीत येऊन तिनं टब पाहिला आणि कपाळावर हात मारला. "ताई, भांड्याला पानी न्हाई आन तुमी दगडं भिजवून बसलाय व्हय?" मग तिला सुरी दिसली आणि ती गप्प झाली. सरुबाई गप्प होणं इतकं क्वचित होतं की दीक्षानं मान वर केली.

"काय झालं?"

"काय न्हाई." ती पदरानं गळा पुसत राहिली. मग आतल्या टीव्हीचा कानोसा घेऊन खाली बसली. "सांगितलं न्हाई का बाबांनी तुमाला? काल सांजच्याला नारळ फोडला त्यांनी. तुमी आत काम्पुटरवर बोलत हुत्या. वाटीतनं खोबरं सुटंना, मंग तुमची सुरी घातली आन दाबली. मी म्हनलं, बाबा, टोक गेलं की वो, ताई वरडंल. तर म्हनले, सरुबाई, तू कायबी बोलू नको, मीच सांगतो तिला. म्हनून मी गप हाय."

"नक्की असं म्हणाले?"

"मंग? मी कशाला खोटं बोलू? तुकडासुदिक त्यांनीच उचलला, कुनाच्या पायाला लागंल म्हनून."

सरुबाई भांड्यांकडे गेली. दीक्षा पुन्हा घासायला लागली, कारण हात थांबवले असते तर काहीतरी विचार करावा लागला असता. पण तो हात चालू असतानाही आलाच. मीच सांगतो तिला, हे बाबांचंच वाक्य होतं, त्यात त्यांचा सगळा जन्म होता. तुकडा उचलला हेही बाबाच. मग रात्र झाली, सकाळ झाली, आणि त्याच माणसानं पेपर खाली न घेता नाही म्हटलं. ज्याला सांगायचंच आहे तो असं नाही म्हणत नाही. आणि कोणी मोडलं, असं वाकून, आठी घालून विचारत तर नाहीच नाही. तिनं ते मनात वेगवेगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. लाज वाटली असेल. माझा चेहरा पाहून घाबरले असतील. जावयाच्या घरात राहतो, वस्तू मोडली, असं वाटलं असेल. प्रत्येक बाजूला थोडं थोडं बसत होतं आणि नीट कुठेच बसत नव्हतं. मग, नको असताना, बाकीचं यायला लागलं. मागच्या महिन्यात वॉचमन बाबांना घेऊन वर आला होता; ते शेजारच्या इमारतीत याच मजल्यावर जाऊन दुसऱ्याच्या दाराला किल्ली लावत होते. तेव्हा ती हसली होती. सगळ्या इमारती सारख्याच रंगवल्यात, कोणीही चुकेल. भाजीवाल्याचं त्याच्याही आधीचं. जन्मभर भाजीवाल्याच्या हातातला तराजू अडवून, रिकामी पारडी आधी दाखव म्हणणारे बाबा, ज्यांच्याबरोबर बाजारात जायची आईला आणि तिला लाज वाटायची, ते हल्ली दुसरीकडेच बघत उभे राहतात आणि तो तोलेल ते पिशवीत घेतात. तिला तर बरं वाटलं होतं. आनंदला ती म्हणालीही होती, बाबा निवळले रे जरा. निवळले, हाच शब्द. ऑफिसात दुसऱ्यांच्या कामातली बारीक चूक शोधायचा पगार घेणारी ती, आणि घरात समोर रोज दिसत असलेलं तिनं एकेक करून पास करून टाकलं होतं.

बाबा खोटं बोलत असू देत, असं तिला वाटलं. इतकं जोरानं वाटलं की दातावर दात आले. भित्रे होऊ देत, लबाड होऊ देत, माझ्यापासून लपवू देत. हजार गोष्टी लपवू देत. तिनं सुरी आणखी दाबली. दगडाच्या मधोमध खळगा पडायला लागला होता. पाठ आता उतरत येऊन धारेपाशी पोचली होती, पण तिचा हात सरळ राहिला नाही. टोक आलं ते बाजूला किंचित वाकडं आलं, पोपटाच्या चोचीसारखं. आता ते सरळ करायचं तर अजून घासायचं. अजून आखूड. फोन वाजला. आनंद.

तिनं राडा भरल्या हातानं तो स्पीकरवर टाकला आणि सगळं सांगितलं, आवाज खाली ठेवून.

"अगं, वय झालं त्यांचं," आनंद म्हणाला. "मी काल हॉटेलात चष्मा फ्रिजमध्ये ठेवला. विसरतो माणूस."

"हे तसं नाहीये."

"तू लगेच टेस्टिंग करायला बसू नकोस त्यांचं. आणि सुरी काय, दुसरी घेऊ. ऑनलाइन मिळतात आता तुझ्या त्या जपानी सुऱ्या."

"सुरीचं मी बोलत नाहीये, आनंद."

"मग सकाळपासून काय घासतेयस?"

तिनं फोन बंद केला. पडद्यावर तिच्या बोटाचा करडा ठसा राहिला. सगळ्यांना सगळं सोपं करून मिळतं, तिला वाटलं, आणि मधे उभं राहून ते सोपं करून देणारी मी. पण माझ्यासाठी कोण सांगणार, या माणसाच्या नाहीचा अर्थ काय?

आत टीव्ही बंद झाला. थोड्या वेळानं बाबा आले. घरातला बनियन काढून त्यांनी पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट घातला होता, बटणं गळ्यापर्यंत लावली होती आणि केसांना पाणी लावून भांग पाडला होता. नोकरीत असताना कोर्टात त्यांची तारीख असली की ते असे तयार व्हायचे. ते दारातच थांबले.

"दीक्षा," ते म्हणाले, "सकाळपासून तू माझ्याशी बोलली नाही."

"काम चालू आहे, बाबा."

"ती सुरी माझ्याच हातून मोडली."

त्यांना आठवलं. म्हणजे होतं, आत होतं, नुसतं लपवलं होतं. ती अर्धवट उठली, गुडघ्यावरून टबातलं पाणी ओघळलं. "कशी मोडली, बाबा?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "पडली," ते म्हणाले. "फरशीवर."

ती पुन्हा खाली बसली. "पडली?"

"हो. हातातून सुटली."

"कधी?"

"सकाळी."

"सकाळी मी तुमच्या आधी उठले होते."

"मग काल असेल," बाबा म्हणाले. "काल. पाणी प्यायला गेलो होतो."

"पाणी प्यायला गेलात आणि सुरी कशाला घेतलीत?" तिला स्वतःला थांबवायचं होतं आणि थांबता येत नव्हतं. "नीट आठवून सांगा ना, बाबा! काय करत होतात? हातात काय होतं तुमच्या?" आवाज चढला होता, समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईनं वळून पाहिलं.

"आठवूनच सांगून राहिलो," बाबा म्हणाले. त्यांचा हात शर्टाच्या बाहीच्या बटणाशी गेला आणि ते काढ-घाल करायला लागला. डोळे तिच्या चेहऱ्यावर होते, तिथून हलत नव्हते. ती नजर तिनं कितीदा पाहिली होती. मीटिंगमध्ये अवघड प्रश्न आला की पुण्याची पोरं उत्तर द्यायच्या आधी अशीच तिच्याकडे बघायची, तिच्या भुवईवरून, ओठांवरून अंदाज घ्यायची की यांना कुठलं उत्तर हवंय. बाबा तिचा चेहरा वाचत होते. त्यांना काल संध्याकाळचं काहीही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं की मुलगी रागावलीये, घरचं दुसरं कुणी इथं नाही, म्हणजे आपणच केलं असणार. आणि केलं असेल तर कबूल करायला हवं. म्हणून शर्ट घालून, भांग पाडून, न आठवणारा गुन्हा पदरात घ्यायला हा माणूस आला होता, आणि त्यासाठी, कदाचित जन्मात पहिल्यांदा, खोटं रचत होता. त्यांना ते जमतही नव्हतं.

"तुला पाहिजे तर लिहून देतो," बाबा म्हणाले.

"नको," ती म्हणाली.  सुरीच्या पात्यावरचा राडा उन्हात वाळून पांढरा व्हायला लागला होता. खरं सांगावं का? खोबरं, सरुबाई, उचललेला तुकडा. सांगितलं तर ते ऐकतील, मान हलवतील, आणि मग त्या डोळ्यांत जे येईल ते तिला बघावं लागेल. आज नाही. डॉक्टर आहेत, तपासण्या आहेत, आनंदशी भांडण आहे, सगळं सोमवारपासून आहेच.

"पडली तेव्हा मला आवाज आला होता, बाबा."

"आला होता ना?" बाबांचा हात बटणावरून खाली आला. सगळा चेहरा सैल झाला.

"हो. मी आत होते. कॉल चालू होता, म्हणून बाहेर आले नाही."

"हं," बाबा म्हणाले. चष्म्यावरून तिच्याकडे रोखून बघत, अगदी पूर्वीच्या आवाजात ते म्हणाले, "आवाज आला होता तर सकाळपासून मला काहून विचारून राहिली होती?"

 बाबांना उत्तर नको होतं. मुद्दा निकालात निघाला होता. ते वळले आणि ताठ पाठीनं आत गेले. सरुबाईला चहा टाकायला सांगताना त्यांचा आवाज मोकळा, जवळजवळ खुशीतला होता. "सरुबाई, ती सुरी माझ्या हातून फरशीवर पडली बरं का. दीक्षाला सांगितलं मी. तिला आवाज आला होता."

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. हातात साबणाचा चोथा घेतलेली सरुबाई दारात दिसली, तोंड उघडलेलं, काल डोळ्यांनी पाहिलेलं सगळं ओठांवर आलेलं. दीक्षानं गॅलरीतून तिच्याकडे पाहिलं आणि हळूच, बाबांना दिसणार नाही अशी, मान हलवली. सरुबाईनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बाबांच्या भांगाकडे, गळ्यापर्यंत लावलेल्या बटणांकडे.

"व्हय बाबा," ती म्हणाली. "लई जोरात पडली."